गोठ्यात राहता, वास येत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जुन्या गोठ्याचं मी घर केलंय: पुढच्या हॉलमध्ये गाण्याचा वर्ग, मागे राहत्या खोल्या. गाण्याच्या वर्गाला मुलांना सोडायला येणारे आईबाप जरा चाचरतच विचारतात, "बाई, मागच्या खोल्यांत राहता म्हणजे गुरं बांधायची तिथेच ना? वास येत नाही?" मग लगेच दुसरा प्रश्न येतो. पुढचा हॉल गवंड्याकडून करून घेतलात, मग राहत्या खोल्या स्वतः का केल्यात? पैसे संपले?

पैसे संपलेच होते, पण कारण ते नाही. आणि वास येत नाही. तो एका उन्हाळ्यात जातो. मागे राहतो तो लोणा, म्हणजे भिंतीत मुरलेले क्षार.

आमच्या गोव्यात डिचोलीकडचे जुने गोठे चिऱ्याचे, म्हणजे लाल जांभ्या दगडाचे. चिरा सच्छिद्र. वर्षानुवर्षं मुरलेल्या गोमूत्रातला युरिया मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात, आणि ते क्षार ओलीबरोबर भिंतीत वर चढतात. बंदुकीच्या दारूचा सोरा पूर्वी असल्याच मातीतून काढत. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात. जुलैत आमच्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही, त्यामुळे एक कौल न गळताही भिंत गुडघ्यापर्यंत ओली. उन्हाळ्यात सुकली की स्फटिक फुलतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. वरून सिमेंट थापलं तर ओल अडकते आणि आणखी वर जाते.

यावर औषध एकच, थांबायचं. गवंड्याला हजेरी मिळते ती कामाची. भिंत सुकायची वाट बघण्याची कोण देणार? हॉलला अडचण नव्हती, तिथे पूर्वी पेंढा असायचा. गुरांची बाजू मी माझ्याकडे ठेवली.

आधी जमीन खणली. ती काळी माती शेजारच्या काकींनी कुळागराला मागून नेली, पोफळींना बरी म्हणून. मग चिऱ्यांच्या सांध्यांतली भुसभुशीत माती उकरली. पाऊस सरल्यावर वर्तमानपत्रांचा लगदा आणि चिकणमाती कालवून भिंतीवर बोटभर जाड लेप दिला. सुकताना तो आतलं मीठ ओढून घेतो. तडकला की खरवडायचा आणि पुन्हा द्यायचा. खरवडलेल्या खपल्यांवर पांढरी बुरशीसारखी लव दिसते, पण बोटाला कचकचते. ती कमी होत गेली तसा चुन्याचा गिलावा सुरू केला. पातळ थर, मध्ये पाण्याचा शिडकावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. जमिनीत जाड खडी, म्हणजे ओल वर चढत नाही. त्यावर चुन्याचा कोबा आणि भाजक्या मातीच्या फरशा.

गोठ्याची जमीन मोरीकडे उतरती असते. उतार मोडण्यापेक्षा न्हाणी तिकडेच घेतली. गव्हाण ठेवली. तिची चिऱ्याची कड गुरांच्या मानांनी घासून इतकी गुळगुळीत झालीय की पॉलिश केलं का म्हणून विचारतात. आता तिच्यात पुस्तकं आहेत आणि तंबोऱ्याच्या जुन्या तारा.

वायरिंग मात्र लायसन्सवाल्याकडूनच. कागदांचंही तसंच: पंचायतीचा परवाना, आणि जमीन शेतीची असेल तर आधी सनद, म्हणजे ती बिगरशेती करून घेतल्याचा सरकारी कागद. त्यात जितका वेळ जातो तितक्यात भिंत सुकते, ही त्यातली त्यात सोय.

खालचा हातभर गिलावा अजूनही कुठे कुठे फुगतो. फुगू दे. उरलेलं मीठ चिऱ्याऐवजी त्याने खावं म्हणूनच तो मऊ चुन्याचा केलाय. दर मे महिन्यात कौलं परततानाच तेवढा पट्टा पाडून नवा चढवते. तुमच्या मनात असा एखादा गोठा असेल तर त्या पट्ट्याला ऑइलपेंट लावू नका, दुकानदार कितीही सांगो. चुन्याची सफेदी द्या, आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.