येनचं चिन्ह दिसलं की जीव भांड्यात पडतो

मंगळवार

रात्री साडेनऊला सोसायटीचे सेक्रेटरीकाका लॅपटॉप घेऊन दारात. मेंटेनन्सच्या ॲपमधून सभासदांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) उतरवून घेतली, एक्सेलमध्ये उघडली, तर एकही मराठी नाव दिसेना. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यामागे भलतंच चिन्ह, परत ए, परत चिन्ह. पानभर तेच.

"व्हायरस शिरलाय गं. आता एकशे चाळीस नावं परत टाइप करायची का?"

"काका, सेव्ह करू नका फक्त. नावं आहेत तिथंच आहेत."

त्या चिन्हांमध्ये मला जपानी येन दिसला होता, म्हणून मी इतक्या खात्रीनं सांगितलं. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी. तिनं देवनागरीला १२८ जागांची सलग पट्टी दिली आहे. यूटीएफ-८ ही ते क्रमांक फाइलीत बाइटच्या, म्हणजे साठवणुकीच्या छोट्या एककांच्या, रूपात लिहायची पद्धत. तिच्यात साठवताना पट्टीतलं प्रत्येक अक्षर ३ बाइट घेतं. पहिला बाइट सगळ्यांचा एकच. दुसऱ्यात दोनच पर्याय: पट्टीतल्या पहिल्या ६४ जागांना एक, उरलेल्या ६४ जागांना दुसरा. एक्सेलनं हेच बाइट पश्चिम युरोपच्या जुन्या तक्त्याप्रमाणे वाचले, की पहिल्याचा होतो रेघवाला ए आणि दुसऱ्याचं होतं चलनाचं गोल चिन्ह नाही तर येन. ह्रस्व वेलांटी पहिल्या अर्ध्याच्या अगदी शेवटच्या जागेवर बसते आणि दीर्घ वेलांटी दुसऱ्या अर्ध्याच्या पहिल्या. त्यामुळे 'मराठी' हा शब्द असा बिघडला, तर म, र, काना आणि ठ यांच्या वाट्याला गोल चिन्ह येतं आणि शेवटच्या वेलांटीला येन. उकार, मात्रा, पाय मोडायची खूण, सगळे येनवाले. मराठी मजकुरात ते पदोपदी येतात, म्हणून हा कचरा लांबूनही ओळखू येतो. आणि ओळखू येतो याचा अर्थ बाइट शाबूत आहेत.

फाइल बंद केली. कोरी वर्कबुक उघडून 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घेतलं, 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडलं. सगळी बिऱ्हाडं आपापल्या नावानिशी हजर. काकांनी स्वतःचं नाव आधी शोधलं.

यादीत आणखी एक गंमत होती. बी विंगमधला ३-४ नंबरचा फ्लॅट एक्सेलनं परस्पर तारीख करून टाकला होता, ३ एप्रिल. आयात करतानाच त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' केला, की फ्लॅट फ्लॅटच राहतो आणि खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही टिकतात. काकांना सांगितलं, यात एकट्या आपल्या सोसायटीचं काही नाही. मार्च-१, सेप्ट-१ अशा नावांच्या मानवी जनुकांच्याही एक्सेल तारखा करायचा. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं त्या जनुकांचीच नावं बदलली. काका इतके मनापासून हसले, की आतून आई विचारायला आली.

बुधवार

दुपारच्या चहाला ऑफिसातल्या ज्युनियर मुलांना कालचा येन सांगितला. मग मला सगळ्यात आवडणारा नोटपॅडचा किस्सा निघालाच.

विंडोज एक्सपीच्या नोटपॅडमध्ये 'बुश हिड द फॅक्ट्स' एवढंच इंग्रजीत लिहायचं, सेव्ह करायचं, परत उघडायचं. वाक्य गायब, जागेवर चिनी अक्षरं, चिनी फाँट नसेल तर नुसते चौकोन. लोकांनी त्यात राजकीय कट शोधला. खरं कारण असं, की फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट करायच्या कुठल्या पद्धतीत, आहे हे लिहिलेलं नसलं तर नोटपॅड अंदाज बांधायचा. त्या वाक्याचे १८ बाइट त्याला दोन-दोनच्या जोड्या वाटले आणि ९ चिनी अक्षरं तयार झाली. चार, तीन, तीन आणि पाच अक्षरी शब्दांची दुसरी कित्येक वाक्यं घेतली तरी हेच व्हायचं, बुश असोत वा नसोत. व्हिस्टात हा बग गेला, आणि २०१९ पासून विंडोज १० चं नोटपॅड नवी फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करतं.

हा विनोद मला फार जवळचा आहे, कारण तो कळला की एन्कोडिंग कळतं. पोरं हसली, आणि त्यातल्या एकीनं लगेच विचारलं, "मग यूटीएफ-८ अंदाजावर का चालत नाही?" इतका नेमका प्रश्न चहाच्या टेबलावर येतो तेव्हा फार बरं वाटतं. टिशू पेपरवरच बाइट काढून दाखवले. पहिला बाइटच सांगतो की अक्षर किती बाइटचं आहे, आणि त्यानंतरच्या बाइटची खूण वेगळी असते. एखादा बाइट हरवला तरी ते एक अक्षर जातं, पुढचं वाचता येतं. संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी ही रचना १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, सहकारी रॉब पाइक यांच्यासोबत जेवताना, टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडली होती. म्हणजे टिशू पेपरलाही परंपरा आहे.

गुरुवार

येन दिसला तर निर्धास्त राहावं. चौकोन दिसले तर बहुतेक फाँट नाही, तो टाकावा. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर आधी हात थांबवावा. कुठल्यातरी प्रोग्रॅमला अक्षर झेपलं नाही आणि त्यानं खरंच प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं असेल, तर तिथून काहीच परत येत नाही. मूळ फाइलच शोधावी लागते.

आज डेटाबेसमध्ये तिसरंच निघालं. शुभेच्छांचे संदेश मधेच तुटत होते, आणि तेही बरोबर फुलाच्या इमोजीपाशी. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीतलं जुनं 'यूटीएफ८' एका अक्षराला ३ बाइटच देतं. मराठी त्यात चपखल बसतं, बहुतेक इमोजींना ४ लागतात. टेबल 'यूटीएफ८एमबी४' वर नेलं. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी टेबल बांधणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून हेच घ्यावं. लोक शुभेच्छा देणार म्हणजे फुलं येणारच.

शनिवार

काका परत आले, या वेळी गणेशोत्सवाच्या जुन्या स्मरणिकांची सीडी घेऊन. फाइल उघडली, रोमन अक्षरांचा खच. येन शोधला, तो असायला हवा तसा ठरावीक अंतरानं येईना. हा आजार वेगळा. त्या काळच्या डीटीपी (संगणकावर छपाईची पानं जुळवायच्या) फाँटांमध्ये फाइलीत खरोखर रोमन अक्षरंच असायची, फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढायचा. फाँट गेला की मजकूर उघडा पडतो. प्रत्येक फाँटचा तक्ता निराळा, म्हणून कोणत्या फाँटमध्ये टाइप केलंय हे आधी काढायचं आणि मग त्याचाच कन्व्हर्टर लावायचा.

बराचसा मजकूर आला. पण काकांना एक लेख काही केल्या सापडेना. सर्चमध्ये 'दुसऱ्या वर्षी' टाइप केलं, शून्य निकाल, आणि डोळ्यांना तर शब्द समोर दिसतोय! कन्व्हर्टरनं तो अर्धा र 'र', हलन्त (तीच पाय मोडायची खूण) आणि एक न दिसणारी जोडखूण अशा तीन तुकड्यांत लिहिला होता. काकांच्या कीबोर्डनं खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त वापरला होता. पडद्यावर दोन्ही सारखेच, सर्चला मात्र वेगळे. आधी सगळीकडे एकच रूप करून घेतलं, मग शोधलं, आणि लेख सापडला. मराठीत शोधायची सोय देणाऱ्या प्रत्येकानं हे स्वतःहून करायला हवं. 'साऱ्या', 'वाऱ्यावर', 'कऱ्हाड' असे शब्द आपण रोज लिहितो, ते न सापडणं ही वापरणाऱ्याची चूक नव्हे.

जोडाक्षरं अजून तपासायची आहेत. 'क्ष' आणि 'श्र' दोन-तीन ठिकाणी फुटलेत. काका वाचणार, मी दुरुस्त करणार, उद्या दहा वाजता बसायचं ठरलंय.