गोष्ट आधीच लिहिलेली आहे, मग खेळायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. ‘अ‍ॅडव्हेंचर गेममधली गोष्ट आधीच ठरलेली असते, मग त्यात खेळण्यासारखं काय? कोणी खेळलेलं यूट्यूबवर बघितलं तर काय बिघडतं?’ नागपुरात उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की हा प्रश्न हमखास येतो. मुलं विचारतात, त्याहून जास्त त्यांचे आईवडील.

बिघडतं. अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणजे फिरत, वस्तू शोधत, कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. या खेळांत गोष्ट तुम्हाला उमजावी लागते, आणि उमजली नाही तर ती जागची हलत नाही.

लुकस पोप यांचा २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ बघा. १८०२ मध्ये लंडनहून निघालेलं जहाज १८०७ मध्ये फाल्मथ बंदरात परत येतं, आणि त्यावर एकही जिवंत माणूस नसतो. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-निरीक्षक. जहाजावरच्या ६० जणांपैकी कोणाचं काय झालं, ते वहीत भरायचं. हाती एक घड्याळ असतं. प्रेताजवळ ते उघडलं की अंधारात शेवटचं बोलणं ऐकू येतं आणि मग मरणाचा क्षण गोठून उभा राहतो. त्यात फिरा, वाकून बघा, पण बहुतेकांचं नाव कोणी सांगणार नाही. झोपायच्या झोळीवरचा आकडा खलाशांच्या यादीशी ताडायचा, बोलण्याचा हेल ओळखायचा, कोण कोणाच्या जवळ उभा राहतो ते टिपायचं. साधारण तिघांच्या नोंदी पूर्ण बरोबर आल्या, तरच खेळ त्या पक्क्या करतो. एकेकाचा निकाल लगेच लागला असता, तर नावं बदलत बसून कोणीही सुटला असता. तीन नोंदी एकदम जुळवताना अंदाजपंचे चालत नाही. यूट्यूबवर मात्र तुम्हाला संशय यायच्या आत उत्तर समोर येतं.

सॅम बार्लो यांच्या ‘हर स्टोरी’त (२०१५) एका बाईच्या पोलीस चौकशीच्या व्हिडिओचे २७१ तुकडे आहेत. शब्द टाकून शोधायचं, पण कितीही सापडले तरी पहिले पाचच उघडतात. त्यामुळे सगळीकडे येणारा शब्द निरुपयोगी. एकदाच उच्चारलेलं नाव, एखादी वस्तू, असं काही कानात राहिलं पाहिजे. लक्ष देऊन ऐकणं हाच इथे खेळ आहे, आणि मला ती कल्पना फार सुंदर वाटते.

जुन्या खेळांत चुकाही होत्या. १९९० च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’ मध्ये कस्टर्डचा एक गोड पदार्थ मिळतो. तो खाऊन टाकला, तर पुढे बर्फात हिममानव आला की त्याच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही. खेळ हे आधी सांगत नाही, त्यामुळे जुन्या सेव्हवर, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या टप्प्यावर, परत जावं लागतं. त्याच वर्षीच्या रॉन गिल्बर्ट यांच्या ‘मंकी आयलंड’मध्ये मरणं जवळपास अशक्य आहे, म्हणून तिथे हवं ते करून बघता येतं. जुना खेळ घेतलात तर दर अर्ध्या तासाने नव्या नावाने सेव्ह करा, एकाच फाइलवर चढवू नका. दुपारी लाइट गेली तरी मग फारसं नुकसान नाही.

कूलरच्या आवाजात कुजबूज ऐकू येत नाही, म्हणून हेडफोन आणि सबटायटल्स दोन्ही ठेवा. लॅपटॉप कूलरच्या ओल्या झोतात नको आणि गादीवरही नको. गादीने खालच्या जाळ्या बंद होतात आणि यंत्र तापून खेळ अडखळतो. शेजारी वही-पेन हवंच.

अडकलात तर आधी प्रत्येक खोली पुन्हा फिरा, पिशवीतली प्रत्येक वस्तू नीट बघा, प्रत्येकाशी परत बोला. तरी सुटलं नाही तर एक रात्र जाऊ द्या. त्यानंतरही पूर्ण वॉकथ्रू (सगळ्या खेळाची उत्तरं) उघडू नका, पायरीपायरीने इशारे देणारी पानं असतात, त्यातला एकच इशारा घ्या.

सुरुवात घरच्यांसोबत करायची तर ‘वेन्बा’ (२०२३) घ्या. दीडेक तासात होतो. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबातल्या आईची पाककृतींची वही फाटली आहे, ओळी पुसल्या आहेत, आणि उरलेल्या खुणांवरून पदार्थ करायचे आहेत. सगळ्या इडल्यांना वाफ लागेल अशी ताटं कशी रचायची, हे पहिलंच कोडं. माउस मुलाच्या हातात असू द्या आणि आईला शेजारी बसवा.