माळ खिशात ठेवून

मण्यार चावते तेव्हा बहुतेक वेळा दुखत नाही. दात बारीक, सूज नाही, रक्त नाही. पुष्कळदा शोधूनही व्रण सापडत नाही. ती रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्यांना चावते. माणूस मध्यरात्री उठतो तो पोटात कळ येऊन. पहाटेपर्यंत पापण्या उघडेनाशा होतात, आवाज नाकातून येऊ लागतो, मान धरवत नाही. ज्या घरात साप कुणी पाहिलाच नाही, त्या घरानं यावरून काय समजायचं? बाहेरचं काहीतरी लागलं, असंच.

मावळपट्टीतल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी आहे. ही गोष्ट श्रावणातली. ओपीडी नुकतीच सुरू झाली होती. जीपमधून सातवीतली एक मुलगी आणली. कपाळभर अंगारा, मनगटाला काळा दोरा, कपड्यांना धुपाचा वास. "बेशुद्ध झालीय," बरोबरचे सांगत होते. मी तिच्या हातात माझं बोट दिलं आणि म्हटलं, "ऐकू येत असेल तर दाब." तिनं दाबलं. ती पूर्ण शुद्धीवर होती, फक्त पापण्या उचलायची ताकद उरली नव्हती. एका दमात आकडे म्हणायला सांगितले. सातापर्यंत आली आणि श्वास संपला. गिळता येत नसल्यानं ओठांच्या कडेला लाळ साठली होती.

रात्री पोटात दुखत होतं का? होतं. झोपली कुठं? पडवीत, खालीच. डोळे कधी मिटले? इथे सगळे गप्प झाले. मग वडील म्हणाले, "आत्ताच, जरा वेळापूर्वी."

असं सगळेच सांगतात. पण वेळ हाच माझ्यासाठी सर्वांत मोठा प्रश्न असतो. मी खुर्ची ओढून आजोबांसमोर बसले. "आजोबा, देव पाहून आलात ना? मी रागावणार नाही. तक्रार करायला विचारत नाही. किती वाजता गेलात, तेवढं खरं सांगा."

"चारला," ते म्हणाले. "आठपर्यंत तिथंच होतो. कोंबडं दिलं."

म्हणजे चार तास गेले होते. सर्पविषाची लस रक्तात फिरणारं विष निकामी करते. मज्जातंतूंच्या टोकाशी मण्यारीच्या विषानं आधीच केलेलं नुकसान ती भरून काढत नाही. ते शरीर स्वतः दुरुस्त करतं, सावकाश, आणि तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. आम्ही दहा कुप्या काढल्या. लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. पाणी घालून कुपी हलवायची नाही, फेस होतो, तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. सिस्टर आणि वॉर्डबॉय दोघं उभे राहून कुप्या फिरवत होते, शेजारी रिॲक्शन आलीच तर म्हणून ॲड्रेनलिनची सिरिंज भरून ठेवली होती. लस सलाईनमधून सुरू झाली. ॲट्रोपिन आणि निओस्टिग्मिन देऊन पाहिलं. नागाच्या दंशात त्यानं पापण्या वर येतात, मण्यारीत बहुधा फारसा फरक पडत नाही, तसंच झालं. तासाभरात श्वास उथळ झाला. नळी घातली, अँबू बॅगनं श्वास देत राहिलो आणि १०८ ला फोन केला.

गाडी येईपर्यंत आजोबा व्हरांड्यात उभे होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तुळशीची माळ काढली आणि हातात धरून राहिले, गळ्यात घातली नाही. "माळ घालून कोंबडं कसं कापायचं, बाई?" ते म्हणाले. "म्हणून काढली. वारी कधी चुकवली न्हाई म्या. कीर्तनात उभं राहून सांगितलंय लोकांना, की असल्या देवांच्या नादी लागू नका." तुकोबांनी नवसाला आणि शेंदऱ्या देवांना किती ठणकावून नाकारलंय, ते या माणसाला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं. "पण पोरगी डोळं उघडंना. ओढ्याला पाणी, गाडी येईना. देवरुषाचं घर ओढ्याच्या अलीकडं. त्यानं दार उघडलं आन् म्हनला, मला ठावं हाय काय झालंय."

अंधश्रद्धाळू माणसं म्हणून अशा घरांना मोडीत काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आजोबांचा देवरुषावर विश्वास नव्हता. पहाटे चार वाजता त्या वाडीत उत्तर देणारा तो एकटाच माणूस होता, इतकंच.

आणि त्यानं दिलेलं उत्तर भयंकर होतं. करणी केलीय, घरातल्याच बाईनं, असं तो म्हणाला. मग नाव घेतलं ते मुलीच्या काकूचं. तिला मूल नाही, एवढंच त्याला पुरलं असावं.

मण्यारीच्या विषानं मुलीचे स्नायू थांबले होते, कान नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात आठवडाभर व्हेंटिलेटरवर राहून ती सुटली. नंतर तपासणीला आली तेव्हा मला म्हणाली, "काकूनं काही केलं नाही, असं मला ओरडून सांगायचं होतं. तोंडच हलत नव्हतं."

साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच अध्यादेश निघाला. हा कायदा मला हवाच आहे. सर्पदंशाची नोंद पोलिसांकडे जाते, तशी हीही गेली. हवालदार जबाब घ्यायला आले, घरच्यांनी देवरुषाचं नाव घेतलं नाही. मी आणि आमच्या आशाताई त्याच्या घरी गेलो. पोटदुखी आणि जड पापण्या, ही जोडी दिसली की कपाळाला अंगारा लावायचा तर लाव, पण पेशंट थांबवू नकोस, हे त्याला स्पष्ट सांगितलं, आणि थांबवलंस तर कायदा काय म्हणतो तेही. त्यानं मान डोलावली. आशाताई अजून महिन्याकाठी एक चक्कर मारतात.

काकू मात्र मुलगी घरी येण्याआधीच माहेरी निघून गेली होती. आजोबा आणायला गेले तर तिच्या भावानं दारातूनच परत लावलं. दिवाळीच्या सुमारास ती माझ्या ओपीडीत आली, आजोबा सोबत होते. दुखणं काही नव्हतं. "पोरीला सर्प चावला होता, असं कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "माहेरी दाखवायचंय. आन् वाडीतबी."

आजोबांनी होकार दिला. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होतं, ते तिच्या काय कामाचं? मी कोऱ्या लेटरहेडवर मराठीत लिहिलं, तारीख घातली, शिक्का मारला. तिनं ते आजोबांकडून दोनदा वाचून घेतलं. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मॅडम, मण्यार जरा मोठ्या अक्षरात लिहा."