माळ नसलेला माळकरी

रविवार, १४ डिसेंबर. रात्रीचे साडेअकरा, म्हणजे झोपायची ठरलेली वेळ टळून तास झाला.

काल यावलकडे मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. हिवाळा लागला की आमच्या जळगावात दुसरं काही सुचत नाही. पऱ्हाटीच्या काड्यांवर हिरवट-पांढरी वांगी भाजली, बडजीत घालून मुसळानं ठेचली. कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. आणि ट्रॉलीमागे, पाण्याच्या कॅनशेजारी, बाटल्या.

"घे ना भो, एका घोटानं काय होतं?"

"माळ घातलीय यंदा," मी म्हणालो.

आपल्याकडे दारू नको म्हणायला काही तरी कारण द्यावं लागतं, आणि माळेशी कुणी वाद घालत नाही. खरं कारण सांगायची सवयच नाही. घरात मिरगी हा शब्द निघत नाही. आई 'चक्कर' म्हणते, आजी 'ते तसलं'.

"माळकऱ्याला लसूण चालतो का रे?" एकानं विचारलं. माझ्या पानात लसूण घालून ठेचलेलं भरीत. दुसऱ्याला लगेच परवाची अंडाभुर्जी आठवली. मग काय, हशा.

गेल्या वर्षी मी 'हो' म्हटलं होतं. दोन ग्लास बिअर. रात्री काहीच झालं नाही, म्हणून उगाच छाती फुगवून फिरलो. त्या नादात रात्रीची गोळी राहिली, झोपायला तीन वाजले. सकाळी ब्रश करता करता गेलो. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली, पेस्टच्या फेसात रक्त, आणि नाकाशी काकांची चप्पल. जीभ आठवड्यात बरी झाली. चप्पल मात्र डोक्यातून जात नाही. काकांना वाटलं होतं, तिच्यामुळेच मी उठलो. झटका बहुतेक वेळा आपोआपच थांबतो, हे त्यांना कोण सांगणार?

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, तिघांपैकी कुणी घात केला ते सांगता येणार नाही: दारू, जागरण की चुकलेली गोळी. दारू जास्त झाली की चढताना नाही, उतरताना झटका येण्याची भीती, सहा तासांपासून पुढचे दोन दिवस. शिवाय गोळीनं आधीच पेंग येते, त्यात ही भर. गांजाचंही मीच विचारलं, कारण एकानं 'मिरगीवर रामबाण' असा रील पाठवला होता. त्या झाडातला कॅनाबिडिओल नावाचा एक घटक शुद्ध करून, मोजून, लहानपणापासूनच्या काही अवघड प्रकारच्या मिरगीत देतात. चिलमीत येतो तो माल वेगळा, त्यात नशेचाच भाग मुख्य आणि मोजमाप कसलंच नाही.

तर काल नऊला अलार्म वाजला. मी गुपचूप विहिरीकडे, मोटारीच्या खोलीमागे गेलो. गोळी जिभेवर ठेवली तोच मागून बॅटरीचा उजेड.

"एकटाच? कुत्तागोळी हाय का? आम्हाले बी दे!"

आता हसू येतं. दारूला नको म्हणणारा पोरगा चोरून गोळी खातोय, नशेची गोळी सोडून त्याला दुसरं काय वाटणार? मी पाकीटच त्याच्या हातात दिलं. नाव वाचून त्याला काही कळलं नाही.

"फिटची हाय. दोन वेळ. सातवीपासून."

तो गप्प. मग त्यानं माझा दंड धरला. "पहिले इहिरीपासून सरक."

शेकोटीशी परतलो तोवर त्यानं सगळं विचारून घेतलं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

"अन् चप्पल?"

"पायात ठेव."

बाकीच्यांना त्यानं काही सांगितलं नाही. बाटली पुन्हा माझ्याकडे आली तेव्हा म्हणाला, "सोडा रे, महाराजांना," आणि स्वतःच्या ग्लासात ओतून घेतली. त्याबद्दल मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, कळत नाही. परत येताना बाईक मात्र न प्यालेल्यानं चालवली, आणि मी मागे.

आज नऊला माझा अलार्म वाजायच्या आधीच त्याचा मेसेज आला: 'महाराज, प्रसाद घेतला का?'