मिरिस्साच्या समुद्रात ऐकलेला श्वास

माझ्या आईचे माहेर मालगुंडचे. तिने आयुष्यात पाहिलेले देवमासे सगळे मेलेले, समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शेजारच्या गणपतीपुळ्याला देवमाशाचे एक पिल्लू जिवंत येऊन वाळूत रुतले, तेव्हा वन विभागाची माणसे, मच्छीमार आणि गावकरी यांनी त्याच्या अंगावर पाणी मारत, त्याला ओढून खोल पाण्यात नेण्यासाठी जिवाचे रान केले. पण ते पुन्हा किनाऱ्याला लागले आणि मेले. त्या दिवसांत आई मामाला दिवसातून तीन-तीन वेळा फोन करत होती. म्हणून या फेब्रुवारीत श्रीलंकेच्या सहलीचे ठरले, तेव्हा जिथून जिवंत देवमासे बघायला बोटी जातात, त्या दक्षिण टोकाच्या मिरिस्साला दोन रात्री राहायचेच, असा आग्रह मी धरला.

मिरिस्साच्या मच्छीमार बंदरातून सकाळी साडेसहाच्या सुमारास बोटी सुटतात. आम्ही आठ जणांची छोटी बोट मुद्दाम निवडली होती, कारण मोठ्या दुमजली बोटींत गर्दी फार असते. सर्वांनी लाइफ जॅकेट घातले, मळमळ होऊ नये म्हणून आल्याची बिस्किटे वाटली गेली आणि तासाभरात दोंद्राचे दीपगृह मागे डावीकडे बारीक दिसू लागले.

निळा देवमासा किनाऱ्याच्या इतक्या जवळ दिसतो, याचे कारण समुद्राच्या तळाच्या रचनेत आहे. आपल्या कोकणासमोर उथळ समुद्रबूड जमीन फार दूरवर पसरलेली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला मात्र ती अगदी अरुंद असून काही मैलांतच तळ एकदम शेकडो मीटर खाली जातो. तिथे खालचे थंड, सकस पाणी वर येते, त्यावर बारीक कोळंबीसारखे जीव पोसले जातात आणि त्यांच्यामागे जगातला सर्वांत मोठा प्राणी येतो. जगातले बहुतेक निळे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चरायला जातात, पण या भागातले देवमासे वर्षभर हिंदी महासागराच्या उष्ण पाण्यातच राहतात. २०१५ मध्ये आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतही निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली होती. हे मी बोटीत आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पाणी आपलंच की गो."

पहिला फवारा माझ्या लेकीला दिसला. दूरवर धुराचा उभा खांब उठावा तसा तो दिसला आणि वाऱ्याने मोडला. आमच्या तांडेलाने (आई त्याला तांडेलच म्हणत होती) बोट अंतर राखून, माशाच्या वाटेवर न जाता, बाजूने हळूहळू नेली आणि मग इंजिन अगदी मंद केले. पाण्याखाली आधी फिकट हिरवट-निळा उजेड दिसला. त्या उजेडाला आकार आहे हे कळेपर्यंत पाठ वर आली आणि ती सरकतच राहिली. डोके, मग फवारा, मग पाठ, पाठ, अजून पाठ आणि पार शेवटी एवढासा पर. आणि तो आवाज! लोहाराचा भला मोठा भाता एका दमात रिकामा व्हावा तसा श्वास बाहेर पडला आणि दुसऱ्याच क्षणी नवा आत ओढला गेला. आईने माझा दंड घट्ट धरला. "अगो, श्वास घेतोय तो," ती म्हणाली.

चार-पाच वेळा तसा श्वास घेऊन त्याने पाठीची कमान केली, शेपटी सावकाश पाण्याबाहेर उचलली आणि तो सरळ खाली गेला. तो गेला तिथे तेल सांडल्यासारखा पाण्याचा गुळगुळीत चट्टा बराच वेळ राहिला. दहा-बारा मिनिटे कोणीही मोठ्याने बोलले नाही.

दुसरा देवमासा वर आला तेव्हा मात्र तीन मोठ्या बोटी वेगाने त्याच्या अंगावरच गेल्या आणि तो एकच श्वास घेऊन खाली गेला. ज्याला श्वासासाठी वर यावेच लागते, त्याची ती वाट अडवणे हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. बोट निवडताना भाड्याआधी अंतर राखण्याबद्दल विचारावे, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. क्षितिजावर तर मालवाहू जहाजांची रांगच लागलेली होती. जगातील अत्यंत वर्दळीचा जलमार्ग इथूनच जातो आणि जहाजांच्या धडकेने इथे देवमासे मरतात. २०२२ मध्ये एका मोठ्या कंटेनर कंपनीने आपली जहाजे थोडी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, पण बाकीची रांग त्या सकाळी आमच्या डोळ्यांसमोर होती. लेकीने एकवीसपर्यंत जहाजे मोजली आणि मग मोजणे सोडून दिले.

संध्याकाळी आईने मालगुंडला फोन लावला. मामाने बहुधा लांबी विचारली असावी, कारण ती म्हणाली, "ते नाही रे मोजलं." मग फोन तोंडाशी धरून तिने एक दीर्घ श्वास जोराने सोडून दाखवला आणि मामाला नीट ऐकू आला का हे विचारून पुन्हा एकदा सोडला.