दुसऱ्या दुभाष्याचं बिल

आमच्या विभागानं विविधतेवर पाच दिवसांची व्याख्यानमाला करायची ठरवली, तेव्हा बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो फेट्यावर. कोल्हापुरात पाहुणा आला की त्याला फेटा बांधायचा, बाई असेल तर शाल-श्रीफळ आणि साडी. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण मोडायचीही कुणाची छाती नाही. आमच्या पाच वक्त्यांत एक तृतीयपंथी कार्यकर्त्या होत्या. त्यांना फेटा की साडी? पाऊण तास यावर खल झाला. प्रत्येकानं मत दिलं, फोन मात्र कुणी लावेना.

बैठकीत सगळ्यात धाकटी मी, त्यात तासिका तत्त्वावर. म्हणजे नाही म्हणायची सोय नसलेली. "मॅडम, तुम्हीच विचारून घ्या." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन विचारलं. त्या खळखळून हसल्या. "अगं बाई, फेट्यानं माझं डोकं दुखतं आणि साड्यांनी कपाट भरलंय. कोल्हापूरचा गूळ दे की!" मी आत येऊन सांगितलं आणि पाचही पाहुण्यांना गूळ देण्यावर दोन मिनिटांत एकमत झालं. अंदाजपत्रकात 'गुळाचे रवे, 1 किलो, 5 नग' अशी ओळ पडली. त्या ओळीवर शेवटपर्यंत कुणी शंका काढली नाही, एवढं लक्षात ठेवा.

व्याख्यानमाला म्हणजे आपल्याकडं मुरलेला प्रकार. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली. तेव्हापासून हा साचा इतका पक्का झालाय की कुठल्याही ऑफिसात टिपणी आधीच टाइप करून ठेवलेली मिळते: वक्ता, विषय, प्रवासखर्च, मानधन, हार, चहा. फक्त नावं बदलायची. या साच्यात एक वक्ता म्हणजे एक माणूस. माझ्या तिसऱ्या दिवसाच्या वक्त्या कर्णबधिर शिक्षिका होत्या, त्या भारतीय सांकेतिक भाषेत बोलणार होत्या, आणि त्यांच्यासोबत दोन दुभाषे लागणार होते. टिपणी परत आली. शेरा होता, 'खुलासा करावा.'

मी स्वतःच खुलासा करायला गेले. आमच्या हिशेब विभागातले भाऊसाहेब वाईट माणूस नाहीत, पण कागदाबाहेर बघत नाहीत. "एका वक्त्यामागं दोन माणसं कशाला? मुंबईचे सर तर एकटे येत्यात." मी सांगितलं की सलग हातवारे बघून बोलत राहणं आणि ऐकून हातवारे करत राहणं याचा डोक्यावर फार ताण येतो. वीस-पंचवीस मिनिटांनी चुका व्हायला लागतात, म्हणून दोघं आळीपाळीनं काम करतात. "मग एकानं मध्ये विश्रांती घ्यावी." वक्त्यानंही घ्यायची का, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. शेवटी मी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत जोडली. अपंगत्वाचे प्रकार त्या कायद्यानं 7 वरून 21 केले, हे माहीत होतं. त्यात सांकेतिक भाषेचाही उल्लेख आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. टिपणी मंजूर झाली. दुसऱ्या दुभाष्यापुढं मात्र 'विशेष बाब' असं पेनानं लिहिलेलं होतं.

या सगळ्यात महिना गेला. पाहुण्यांची तिकिटं, तीन दरपत्रकं, बॅनर, माईकवाला, ही हमाली सगळ्यांनाच माहीत आहे, ती सांगत बसत नाही.

पहिल्या दिवशीचे वक्ते भटक्या-विमुक्तांत आयुष्य घालवलेले ज्येष्ठ कार्यकर्ते. मी त्यांचा परिचय मेहनतीनं लिहिला होता: पालात जन्म, आईचं कष्ट, दिव्याखाली अभ्यास. आदल्या रात्री त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "छान लिहिलंयस बाळ. पण हे काढ. शिक्षण सांग, काम सांग. बाकीचं माझं आहे, सांगावंसं वाटलं तर मी सांगीन." अडीच पानांच्या चार ओळी झाल्या. परिचय लिहिताना आपण पाहुण्याच्या घरात न विचारता शिरतो, हे तोवर मला कधी वाटलंच नव्हतं.

भाषणात त्यांनी 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा घेतला, पोलीस ठाण्यातली रोजची हजेरी घेतली. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं थांबून 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कसा पुसला गेला, हे सांगितलं. मग मागे वळून आमच्या बॅनरकडं बोट केलं. बॅनरवर लिहिलं होतं, 'सर्वांना मुक्त प्रवेश'. "तुमच्याच गावातली गोष्ट सांगतो," म्हणाले. "1896 ला इथं सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह निघालं. दार उघडं होतं. आत राहायला आली ती बहुतेक एकाच जातीची मुलं. म्हणून मग शाहू महाराजांनी 1901 पासून वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं काढायला लावली." दसरा चौकातून मी रोज जाते. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग या पाट्या लहानपणापासून वाचलेल्या. ज्या राजानं 26 जुलै 1902 ला पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी ठेवल्या, त्यानं जातवार बोर्डिंगं का काढली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. (शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा प्यायचे, ती गोष्ट इथला प्रत्येक सूत्रसंचालक सांगतो. मी ठरवून टाळली.)

सभागृहावर नजर टाकली तेव्हा पोटात गोळा आला. कर्णबधिर वक्त्या परवा येणार होत्या आणि कर्णबधिर मुलांना आम्ही निरोपच दिला नव्हता. दार उघडं होतं की! दुसऱ्या दिवशी सकाळी कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत गेले. तिथल्या बाईंनी एकच विचारलं, "दुभाषे पाचही दिवस आहेत का?" मी म्हटलं, फक्त उद्या. "मग आमची मुलं फक्त उद्या येतील."

मुलं आली, तिसऱ्या रांगेत बसली. वक्त्यांनी सुरुवात केली, दुभाषा त्यांच्या हातांकडं बघत मराठीतून बोलत होता, सभागृह चिडीचूप. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात 2018 ला तीन हजार शब्द होते, 2021 ला ते दहा हजार झाले, हे सांगून झाल्यावर त्यांनी पडद्याकडं हात केला. आमचे शिपाई मामा हुशार. स्लाइड आली की दिवे घालवायचे, हा पंधरा वर्षांचा शिरस्ता. त्यांनी घालवले.

आणि भाषण बंद पडलं. वक्त्यांचे हात अंधारात गेले, त्यामुळं दुभाष्याचा आवाजही गेला. मागच्या बाकांवरून "आवाज, आवाज!" सुरू झालं. माईकवाला पळत मंचावर चढला, माईकवर टकटक करून "हॅलो, हॅलो, चेक" म्हणाला. माईक ठणठणीत होता. वक्त्या हात खाली सोडून उभ्या होत्या. तिसऱ्या रांगेतल्या एका पोरानं मोबाइलची बॅटरी लावून झोत त्यांच्या हातांवर धरला, तेव्हा काय झालंय ते माझ्या टाळक्यात शिरलं. मी ओरडले, "मामा, दिवे!" दिवे आल्यावर पडद्यावरचं काहीच दिसेना, पण ते कुणाला हवंही नव्हतं. प्रश्नोत्तरं तास-दीड तास चालली आणि दुसऱ्या दुभाष्याला पुरती साडेतीन पाळ्या कराव्या लागल्या. भाऊसाहेब शेवटच्या रांगेत बसून हे बघत होते.

चौथा दिवस भाषांचा. कैकाडी तमिळच्या जवळची, वडारी तेलुगूच्या जवळची, पारधी गुजरातीच्या. सगळं सुरळीत पार पडलं, म्हणून सांगण्यासारखं थोडंच.

पाचव्या दिवशी गूळवाल्या पाहुण्या. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणाऱ्या 15 एप्रिल 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सुरुवात करून त्या थेट यल्लम्मा देवीच्या सौंदत्तीला पोचल्या. "दारात यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, आली की ती आणणाऱ्या जोगत्याच्या पाया पडता. तोच जोगता खोली भाड्यानं मागायला आला की मग?" पुढच्या दोन रांगा एकदम आपापल्या वह्यांत बघायला लागल्या. भाषण भारी झालं.

खरं त्रांगडं नंतर. निमंत्रणपत्रावर त्यांचं आत्ताचं नाव, पॅनवर आणि बँकेत जुनं. भाऊसाहेबांनी मानधनाची फाइल बाजूला ठेवली. "व्यक्ती एकच आहे हे कशावरून?" मानधनाच्या फॉर्मवर 'वडिलांचे/पतीचे नाव' असाही रकाना होता. पाहुण्यांनी तो रिकामा सोडला होता, त्यावरही लाल खूण. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याखालचं जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र जोडलं, तरी फाइल हलेना. तीन आठवडे मी त्यांना उद्या-परवा करत राहिले. माझ्या तासाचा दर मी त्यांना सांगितला नव्हता, नाहीतर त्यांनी मानधन मलाच देऊन टाकलं असतं.

वाट निघाली ती अशी. माझी पदवी माहेरच्या नावानं आहे आणि पगार सासरच्या नावानं. कामावर रुजू होताना माझ्याकडून काय घेतलं होतं, हे बघायला मी माझी स्वतःची फाइल मागितली. नावबदल छापलेल्या राजपत्राची एक झेरॉक्स, बस्स. त्यावर भाऊसाहेबांचीच सही. मी ती त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी बराच वेळ बघितली. "त्यांच्याकडं राजपत्र आहे?" होतं. "मग आधी का नाही बोलला? ह्यात काय अडचण आहे, बायकांची नावं बदलतातच की." दुपारी फाइल सुटली. जाता जाता त्यांनी फॉर्मच्या मूळ प्रतीवर पट्टी धरून 'वडिलांचे/पतीचे नाव' या रकान्यावर रेघ मारली आणि नव्या झेरॉक्स काढायला मामांना पाठवलं.

दुभाष्यांचं म्हणाल, तर पहिल्याचे पैसे मार्चमध्ये गेले. दुसऱ्याचं बिल लेखापरीक्षणात अडकलंय. शेरा आहे, 'एकाच कामासाठी दुबार खर्च'. त्याचं उत्तर या वेळी भाऊसाहेब लिहितायत. परवा मला बोलावून विचारत होते, "त्या दिवशी दिवे किती वाजता गेले होते, मॅडम? वेळ लिहायला पाहिजे."