रताळ्याच्या वेलावरची अळी आणि पपईवरचं पाखरू : यंदाच्या मॉथिंगची नोंद

मंडळी, पाऊस उघडला, तेव्हा यंदाचं अपडेट टाकतो. मॉथिंग म्हणजे रात्री दिव्याच्या उजेडात पांढरं कापड (शीट) टांगून त्यावर येणारे मॉथ, म्हणजे रातपाखरं, बघायची. शीटवर काय काय आलं त्याचे फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी टाकायच्या वेबसाईटवर, चढवलेत, ती लिस्ट इथं परत देत नाही. यंदा मला लिस्टीपेक्षा एकाच पाखरानं धरून ठेवलं.

आमच्या बेळगावच्या पश्चिम पट्ट्यात, बेळगुंदी, उचगाव, इकडं खानापूरच्या बाजूला रताळी किती होतात ते तुम्हाला सांगायला नको. काकांच्या शेतात रताळी काढायला गेलो होतो, तर कुदळीबरोबर मातीतून एक चॉकलेटी कोष वर आला, बोटापेक्षा जाड, आणि डोक्याकडून निघून पोटाकडं वळलेला एक कान, किटलीला असतो तसा. बघितल्याबरोबर कळलं, अग्रियस कन्व्हॉल्व्हुलाय, आपला रताळ्यावरचा हॉकमॉथ (हॉकमॉथ म्हणजे जोरात उडणाऱ्या मोठ्या मॉथचं एक कुळ). त्या कानात त्याची सोंड तयार होत असते, सोंड अंगापेक्षा लांब म्हणून तिला कोषात वेगळी जागा लागते. काका म्हणाले, "टाक फोडून ते, वेल खाऊन टाकत्यात ती." मी म्हटलं राहू दे, नेतो घरी.

बरणीत ओलसर माती घातली, चढायला एक काटकी उभी केली, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. एका रात्री बाहेर आलं. पंख राखाडी, पण पोटावर गुलाबी आणि काळे पट्टे, काय सुंदर दिसतं म्हणून सांगू! आणि ज्यांनी हे जवळून बघितलं नसेल त्यांनी एकदा तरी बघाच, बाहेर आल्या आल्या सोंड एक नसतेच, दोन वेगळे धागे असतात, पाखरू ते गुंडाळतं उलगडतं, परत गुंडाळतं, असं करत करत दोन्ही जुळून मधे नळी तयार होते, मगच ते मध प्यायला लायक होतं. मी मोबाईलला क्लिप लेन्स लावून बघत बसलो, जेवण गार झालं तरी उठवेना.

आता हीच जात वेल खाते हे काकांचं म्हणणं खरंच आहे. पण मोठी झाल्यावर ती जाते कुठं? संध्याकाळी सातच्या पुढं परसातल्या पपईजवळ लाल टॉर्च घेऊन उभं राहा (टॉर्चला साधा लाल जिलेटिन पेपर लावला तरी चालतो, लाल उजेडानं ती बिचकत नाहीत). पपईच्या नर झाडाच्या लोंबत्या फुलात मध असतो, मादी फुलात नसतो, पण अंधारात वास आणि पांढरा रंग बघून हॉकमॉथ तिथंही घुटमळतो, आणि त्या क्षणभरातच परागीभवन होऊन जातं. केनियात पपईच्या शेतांवर याचा अभ्यास झालाय, २००९ चा शोधनिबंध (पेपर) आहे, तिथं पपईचं परागीभवन हॉकमॉथच करतात आणि शेत जंगलाच्या जवळ असलं की फायदा होतो असं निघालं. आपल्याकडं परसातल्या देशी पपईचं नर झाड "फळ देत नाही" म्हणून तोडतात, तेव्हा एखादं तरी ठेवा बाबांनो.

आणि हे नुसतं हॉकमॉथचंच नाही. इंग्लंडमधे नॉरफोकच्या शेतांतला २०२० चा अभ्यास वाचा, ८३८ मॉथ तपासले, त्यातल्या ४५.५ टक्क्यांच्या अंगावर ४७ जातींच्या झाडांचे परागकण सापडले, तेही जास्त करून छातीच्या खालच्या केसाळ भागावर. म्हणून मी आता शीटवरच्या मॉथचा वरून फोटो काढून थांबत नाही, जमेल तसा खालून, छातीचापण काढतो. पिवळी पूड दिसली की जवळपास काय फुललंय ते लिहून ठेवतो. बरेचजण फक्त पंखांचा फोटो टाकतात आणि अर्धी माहिती तिथंच राहते असं माझं स्पष्ट मत आहे.

उजेडाचं थोडं. २०२४ च्या पेपरनं दाखवलं की रात्रीचे किडे दिव्याकडं ओढले जात नाहीत, ते उजेडाकडं पाठ करून उडतात, एरवी वरचं आकाशच जास्त उजेडाचं असतं ना, त्यामुळं दिव्याजवळ गोल गोल फिरत अडकतात. स्वित्झर्लंडमधे २०१७ ला दिवे लावलेल्या कुरणात फुलांवरच्या रात्रीच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी कमी झाल्या. इंग्लंडमधे २०२१ ला रस्त्याच्या दिव्याखालच्या झुडपांत मॉथच्या अळ्या ४७ टक्क्यांनी कमी, आणि पिवळ्या सोडियमपेक्षा पांढऱ्या एलईडीचा त्रास जास्त. आता आमच्याकडं गल्लोगल्ली पांढरे एलईडी आलेत. मी माझ्यापुरतं ठरवलंय, शीटचा दिवा फोटो झाले की बंद करायचा, रात्रभर ठेवायचा नाही, आणि सकाळी पक्षी यायच्या आधी शीट झटकायची.

अळ्या कमी झाल्या तर पिल्लांना चारणाऱ्या पक्ष्यांचं पहिलं हाल होतं. वटवाघळांचंही तेच. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत, तिथलं राऊटनचं वटवाघूळ १९१३ मधे शास्त्राला नवीन म्हणून नोंदवलं गेलं. त्याच्याच वंशातलं आफ्रिकेतलं भाऊबंद मुख्यतः मॉथ खातं. म्हणून मला वाटतं भीमगड राखायचं म्हणजे भोवतालच्या गावांतला काळोखपण राखायला पाहिजे.

निपाणीकडचे तंबाखूवाले किंवा मक्यावर २०१८ पासून लष्करी अळीनं हैराण झालेले लोक मॉथ म्हटलं की चिडतात, त्यांचं चुकत नाही. पण भारतात मॉथच्या बारा हजारांच्या आसपास जाती आहेत, पिकाचं नुकसान करणाऱ्या त्यातल्या मोजक्याच. ब्रिटिश काळात कारवारला फॉरेस्ट खात्यात असलेल्या टी. आर. बेल या अधिकाऱ्यानं घरी अळ्या वाढवून हॉकमॉथचं आयुष्य लिहून ठेवलं, स्कॉट या सहलेखकाबरोबरचा हॉकमॉथवरचा तो खंड १९३७ ला निघाला, आजही ओळख पटवताना आपण तिथंच जातो. आपल्या दाराशीच झालेलं काम आहे हे.

सध्या बरणीत तगरीवरची हिरवी अळी आहे, पुढच्या भागावर निळे डोळे, मागं पिवळं शिंग, म्हणजे डॅफ्निस नेरी, कण्हेरीवरचा हॉकमॉथ. हिरवी होती ती काल तपकिरी पडली, म्हणजे कोषात जायची वेळ झाली, तळाला वाळका पाचोळा घालून दिलाय. ज्यांच्या दारात तगर किंवा कण्हेर आहे त्यांनी झाडाखालचा पाचोळा एवढ्यात झाडून जाळू नका, कोष त्यातच असतो. आणि कुणी चोर्ला किंवा कणकुंबी साईडला अमावास्येला शीट लावणार असाल, भीमगड अभयारण्याच्या बाहेर, तर छातीच्या बाजूचे फोटो काढा आणि फुललेल्या झाडाचं नाव सोबत टाका, मी एकत्र तक्ता करायला घेतलाय.